घरच्या जुन्या कागदांसाठी स्कॅनर: दर्यापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

हे कुटुंब माझ्या ओळखीचं आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी ग्रंथपाल आहे, त्यामुळे कागद कसे टिकवायचे हे विचारायला लोक येतात, तसेच हेही आले होते. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, गाव सांगितलेलं नाही आणि शेतीचे ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. स्कॅनर कोणता घ्यावा याबद्दल माहिती भरपूर मिळते, पण ती बहुतेक सुट्या, कोऱ्या करकरीत ए४ कागदांचा विचार करून दिलेली असते. आपल्याकडच्या पेटीतले कागद तसे नसतात.

पार्श्वभूमी

दर्यापूर तालुका म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. काळी जमीन, कापूस, तूर, हरभरा. या गावात तीन भाऊ एकाच वाड्यात राहतात. वडील वारल्यावर वारसांची नोंद झाली, पण जमिनीची आपसात वाटणी अजून व्हायची आहे. थोरल्या भावाची मुलगी बारावी सायन्सला होती, म्हणजे प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागणारच होतं.

आपल्याकडे ज्या घरात मूल बारावीला असतं त्या घराला जुने कागद किती मोलाचे असतात हे वेगळं सांगायला नको. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. मग पणजोबांच्या नोंदीची कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल असं एकेक शोधावं लागतं. या घरात यातलं बरंच काही होतं. वडिलांनी सगळं एका पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवलं होतं.

अडचण

दोन गोष्टी एकाच उन्हाळ्यात झाल्या. पेटी भिंतीला लागून होती आणि तळाशी उधई लागली. खालच्या पिशवीतल्या फेरफाराच्या जुन्या नकला आणि सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या गेल्या. त्यातलं बरंचसं तहसीलमधून पुन्हा काढता येण्यासारखं होतं, हे नशीब. पण त्याच्या वरच्याच पिशवीत कोतवाल बुकाची नक्कल होती.

दुसरी गोष्ट अशी की, मुलीच्या अर्जासाठी मोबाइलवर काढलेले कागदांचे फोटो ‘अस्पष्ट’ असा शेरा येऊन परत आले. ते फोटो मी पाहिले आहेत. अक्षर वाचता येत होतं. पण अ‍ॅपने कागदाची कड ओळखताना डावीकडचा समास कापला होता आणि नक्कल दिल्याची तारीख व सही नेमकी त्या समासात होती. शिवाय अ‍ॅपने कागद ‘स्वच्छ’ करताना जांभळा गोल शिक्का जवळजवळ पुसून टाकला होता. ज्या शिक्क्यामुळे त्या कागदाला किंमत, तोच दिसत नव्हता.

धाकट्या भावाने लगेच स्कॅनर घ्यायचं ठरवलं. थोरल्यांचं म्हणणं होतं, “झेरॉक्सवाला धा रुपयात करून देते, त काऊन एवढे पैसे घालाचे?” हा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नव्हतं.

पहिला निर्णय: आधी पेटी, मग दुकान

घरच्यांनी माझा सल्ला मानला तो इथे. स्कॅनरची मॉडेलं बघण्याआधी पेटीतले सगळे कागद सतरंजीवर मांडले आणि त्यांचे ढीग केले: आकाराप्रमाणे आणि तब्येतीप्रमाणे. हे काम मधल्या वहिनींनी हाती घेतलं. त्या बी.ए. झालेल्या, बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या. त्यांच्या हाताला शिस्त आहे.

ढीग केल्यावर जे दिसलं त्याने सगळी चर्चाच बदलली. सुटे, धड ए४ कागद निम्म्याहूनही कमी निघाले. स्टॅम्प पेपरवरची खरेदीखतं, वाटणीपत्राचा जुना मसुदा, प्रतिज्ञापत्रं ही सगळी ए४ पेक्षा लांब. घरगुती फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या, स्कॅनरची काच साधारण २१६ बाय २९७ मिलिमीटर असते, तर लीगल कागद ३५६ मिलिमीटर लांब. म्हणजे खालचा जवळजवळ सहा सेंटिमीटरचा भाग काचेबाहेर राहतो, आणि सह्या, अंगठे, साक्षीदार सगळे खालीच असतात. स्टॅम्प पेपरची मागची बाजूही सोडून चालत नाही. मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का आणि नोंदीचा क्रमांक पुष्कळदा तिथेच असतो.

तिसरा ढीग नाजूक कागदांचा: घडीवर फाटलेले, कसर लागलेले, पिना गंजून भोकं पडलेली. चौथा पासबुकं आणि एक शिवलेली वही. आणि एक कागद मोडी लिपीतला, जो घरात कुणालाच वाचता येत नव्हता.

समोरचे पर्याय

झेरॉक्स सेंटर किंवा सेवा केंद्र. खर्च सगळ्यात कमी. पण मूळ कागद मोटारसायकलच्या डिकीत घालून तालुक्याला न्यायचे, गर्दीत दुसऱ्याच्या हातात द्यायचे, आणि आधार-पॅनसह सगळ्याच्या फाइल त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहणार. थोरल्यांना मी एवढंच विचारलं की कोतवाल बुकाची नक्कल तुम्ही तिथे काउंटरवर ठेवून चहाला जाल का? ते नाही म्हणाले. मात्र या पर्यायात एक चांगली गोष्ट दडलेली होती, ती पुढे उपयोगी पडली.

मोबाइल. मोबाइलला मी कमी लेखत नाही. रोजच्या पावतीला, कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या कागदाला तो पुरतो. गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे, वेगळं अ‍ॅप लागत नाही. पण जतन करायच्या प्रतीसाठी उजेड सारखा हवा, कागद सपाट हवा आणि कड पूर्ण यायला हवी. हातात धरलेल्या फोनला हे दर वेळी साधत नाही. कागदपत्रं कुठल्या अ‍ॅपच्या हाती द्यायची हाही प्रश्न आहेच. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपांत कॅमस्कॅनरही होतं आणि तोवर ते खेड्यापाड्यात घरोघरी वापरलं जात होतं.

स्कॅनरसह प्रिंटर. एकात दोन कामं, म्हणून घरातल्या मुलांचा कल इकडे होता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शाईचा प्रिंटर महिनोन्‌महिने पडून राहिला तर हेड सुकतं. या घरात प्रिंट काढायची वेळ क्वचितच येते, त्यामुळे हा पर्याय लवकरच मागे पडला.

शीटफेड स्कॅनर. वर गठ्ठा ठेवायचा, यंत्र एकेक कागद ओढून दोन्ही बाजू एकदम स्कॅन करतं. धाकट्याला हाच हवा होता. स्कॅनस्नॅप आयएक्स१६०० सारखं यंत्र मिनिटाला ४० पानं घेतं आणि लांब कागदही घेतं. दुकानात हे नाव विचारताना एक लक्षात ठेवा: फुजित्सूचे स्कॅनर बनवणारी पीएफयू ही कंपनी २०२२ मध्ये रिकोकडे गेली, त्यामुळे तेच यंत्र आता रिको नावाने दिसतं. चांगला शीटफेड वीस हजारांच्या पुढेच जातो.

फ्लॅटबेड स्कॅनर. काचेवर कागद ठेवा, झाकण लावा. सावकाश, एका वेळी एक बाजू. पण कागद जागचा हलत नाही. पाच ते दहा हजारांत मिळतो.

वरून फोटो घेणारा स्टँडचा स्कॅनरही बघितला. वह्या आणि लांब कागदांसाठी तो सोयीचा, पण खोलीतल्या उजेडावर बरंच अवलंबून असतो, आणि या वाड्यात दुपारीही ट्यूब लावावी लागते.

दुकानातली चाचणी

अमरावतीच्या दुकानात जाताना वहिनींनी मूळ कागद नेले नाहीत. जुन्या कागदांच्या झेरॉक्स मुद्दाम तशाच घड्या घालून नेल्या, आणि खताच्या दुकानाची एक पातळ गुलाबी कार्बन पावती नेली, जी गेली तरी चालली असती. शीटफेडमध्ये घडी घातलेल्या झेरॉक्स दोनदा नीट गेल्या. तिसऱ्या वेळी एका कागदाची घडी रोलरमध्ये अडकून दुमडली. गुलाबी पावती तर आत शिरताच कोपऱ्याकडून चुरगळली आणि झाकण उघडून चिमटीने काढावी लागली. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं की नाजूक कागद पारदर्शक कव्हरमध्ये घालून चालवतात. ते खरंही आहे. पण एकेक कागद कव्हरमध्ये घालायचा, काढायचा म्हटलं की मिनिटाला चाळीस पानांचा वेग उरत नाही.

धाकटा त्यानंतर गप्प झाला. नंतर म्हणाला, “वहिनी, तुम्ही म्हणता तेच घ्या. कागद फाटला त मले माय घरात घेनार नाही.”

तिथेच डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात त्या आकड्याचा, गोंधळही मिटला. कॅननच्या लाइड ३०० या फ्लॅटबेडवर २४०० आणि लाइड ४०० वर ४८०० डीपीआय लिहिलेलं असतं; एप्सनच्या व्ही३९ वरही ४८०० असतं. आकडा दुप्पट म्हणजे दर्जा दुप्पट, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात कागदपत्रांसाठी ३०० डीपीआय पुरतं. ए४ कागद ३०० ला स्कॅन केला की २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं चित्र होतं. रंगीत असेल तर न दाबलेल्या रूपात साधारण २६ एमबी. ६०० ला तेच चौपट होतं. ६०० फक्त फिकट शाई, बारीक अक्षर, जुने फोटो आणि मोडी कागद यांच्यासाठी. त्यापुढच्या आकड्यांचा या घराला काहीच उपयोग नव्हता.

खरा फरक सेन्सरचा असतो. हे पातळ, स्वस्त स्कॅनर सीआयएस प्रकारचे. त्यांना काचेला चिकटलेलं तेवढं स्पष्ट दिसतं. कागद काही मिलिमीटर वर उचलला गेला की अक्षर पुसट. सीसीडी प्रकारचा स्कॅनर, उदाहरणार्थ एप्सनचा व्ही६००, थोडं वर असलेलंही नीट टिपतो, म्हणून शिवलेल्या वहीच्या आतल्या बाजूसाठी तो चांगला. पण तो मोठा, महाग आणि वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा.

निर्णय

लाइड ३०० घेतला. सगळ्यात वजनदार कारण वीज ठरलं. हा स्कॅनर यूएसबीच्या तारेवरच चालतो, वेगळा प्लग लागत नाही. लोडशेडिंग असलं किंवा व्होल्टेज वरखाली होत असलं तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम चालतं. दुसरं कारण नाजूक कागद. तिसरं किंमत.

लांब कागदांचा प्रश्न राहिलाच, आणि इथे मघाचं झेरॉक्स सेंटर कामाला आलं. मोठ्या झेरॉक्स मशीनची काच ए३ असते आणि बहुतेक मशीन थेट पेनड्राइव्हवर स्कॅन देतात. ओळखीच्या सेंटरवाल्याला दुपारी गिऱ्हाईक नसताना वेळ मागितला, स्टॅम्प पेपरचा ढीग थोरले स्वतः घेऊन गेले आणि समोर उभं राहून, मागची-पुढची बाजू रंगीत स्कॅन करून, कागद परत घरी आणले. एवढ्या थोड्या कागदांसाठी लीगल काचेचं महाग यंत्र घेण्यात अर्थ नव्हता. पुढे एखाददुसरा लांब कागद आला तर घरच्या स्कॅनरवर दोन भागांत, मध्ये चार बोटं सामाईक ठेवून घ्यायचा; कॅननच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन भाग जोडण्याची सोय आहे. जोडलेल्या चित्राबरोबर दोन्ही मूळ भागही ठेवावेत असं मी सांगितलं, कारण जोडाच्या जागी एखादी ओळ सरकली तर खरं काय ते कळायला हवं.

प्रत्यक्ष काम

सुरुवातीचा गठ्ठा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मध्ये झाला, कारण सॉफ्टवेअरमध्ये ‘डॉक्युमेंट’ निवडलं की बऱ्याचदा तसंच येतं आणि फाइलही लहान होते. कोतवाल बुकाची नक्कल स्क्रीनवर आली तेव्हा वहिनींनी स्वतःच हात थांबवला. शिक्क्याच्या जागी तुटक काळे ठिपके आणि मधली अक्षरं गायब. तोच कागद रंगीत, ३०० डीपीआयवर घेतला तर जांभळं वर्तुळ, आतलं कार्यालयाचं नाव आणि त्यावरून गेलेली निळ्या शाईची सही, तिन्ही वेगवेगळी दिसली. तो गठ्ठा पुन्हा केला. सरकारी शिक्का, मुद्रांक किंवा शाईची सही असलेला प्रत्येक कागद रंगीतच घ्यावा, फाइल मोठी झाली तरी.

पिना काढताना ओढायचं नाही; गंजलेल्या पिनेच्या दोन्ही टोकांखाली पातळ सुरी घालून ती सरळ करायची. फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावायची नाही. तिचा गोंद पिवळा पडतो आणि शाई ओढतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. एक जुना शाळेचा दाखला आधीच लॅमिनेट केलेला होता. तो झाकणाखाली सपाट बसेना आणि कोपऱ्यात चकाकी येत राहिली.

उन्हाचाही विचार करावा लागला. अशा यंत्रांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान बहुधा ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी घरात चाळीस असतं, आणि कूलरसमोर बसावं तर कागद ओलसर होऊन वळतात. म्हणून काम सकाळी, कूलर बंद असताना. काच दर बसण्याआधी कोरड्या मऊ कपड्याने पुसायची, कारण कापूस साठवलेल्या घरात तंतू सगळीकडे असतात.

प्रत्येक कागदाच्या दोन फाइल ठेवल्या: एक जतनाची, पूर्ण दर्जाची, दुसरी पोर्टलवर चढवायला लहान केलेली. पोर्टलं काही शे केबीची मर्यादा घालतात, आणि त्या मर्यादेसाठी मूळ स्कॅनच हलका केला की पुढे पस्तावावं लागतं. फाइलचं नाव वर्ष, माणूस, कागद या क्रमाने आणि रोमन अक्षरांत, कारण काही पोर्टलं देवनागरी नाव घेत नाहीत. नॅप्स२ हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. त्यात छापील मराठी मजकूर ओळखून शोधता येण्यासारखी पीडीएफ होते. हस्ताक्षर मात्र त्याला वाचता येत नाही.

निष्पत्ती

मुलीचा अर्ज नव्या स्कॅनसह गेला आणि कागदांच्या दर्जाबद्दल पुन्हा शेरा आला नाही. मूळ कागद पडताळणीला दाखवावेच लागले. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. कोर्टात इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायची तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडूनच घ्यावी लागते. स्कॅनचा मोठा फायदा वेगळाच झाला. वाटणीच्या बोलणीत तिघा भावांच्या फोनवर तेच कागद होते. कुणाकडे काय आहे यावरून होणारी कुरबुर थांबली आणि तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज करण्यापर्यंत गोष्ट आली.

पासबुकं आणि वही यांचं काम समाधानकारक झालं नाही. मधल्या शिवणीजवळची अक्षरं पुसट आली. शेवटी ती पानं अंगणात, सकाळच्या सावलीत, फोनने काढली आणि ती चांगली आली.

वेगळं काय करता आलं असतं

पेटीची मांडणी उधई लागण्याआधी व्हायला हवी होती, हे उघड आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बॅकअप. सगळ्या फाइल बरेच दिवस एकाच लॅपटॉपवर आणि एकाच पेनड्राइव्हवर होत्या, तेही एकाच कपाटात. आता एक हार्ड डिस्क अमरावतीला शिकणाऱ्या पुतण्याकडे असते. लॅपटॉप विंडोज १० चा आहे आणि त्या विंडोजला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्कॅनर घेतानाच पुढच्या विंडोजसाठी ड्रायव्हर (स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर) मिळतो का हे बघायला हवं होतं. या खेपेला तो मिळाला, पण जुना, वापरलेला स्कॅनर घेणाऱ्याने हे आधी तपासावं.

माझ्या मते आणखी एक पर्याय चर्चेतच आला नाही: स्कॅनर एका घराने का घ्यावा? पेटी आणि उधई गावातल्या प्रत्येक घरात आहे, आणि एकदा जुने कागद झाले की यंत्र महिनोन्‌महिने पडून राहतं. मी हे त्या गावच्या वाचनालयाच्या मंडळींना बोलले. त्यांचा बेत स्कॅनर वाचनालयात ठेवून लोकांना कागद घेऊन बोलवायचा आहे. मला ते पटत नाही. कोतवाल बुकाची नक्कल घराबाहेर निघू नये म्हणून तर हा खटाटोप झाला. यंत्र जेमतेम पावणेदोन किलोचं आहे. लॅपटॉपबरोबर पिशवीत घालून तेच घरोघरी न्यावं, कागद घरच्यांनी स्वतः काचेवर ठेवावेत आणि फाइल त्यांच्याच पेनड्राइव्हवर उतरवून द्याव्यात. वहिनी शिकवायला तयार आहेत.